कच्ची अंडी निघाली आणि कुणीतरी 'स्टेम सेल'चं नाव काढलं, तर काय करायचं

आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबी) एग पिकअप झालं, म्हणजे अंडाशयातून सुईनं अंडी बाहेर काढली, डॉक्टर म्हणाले चौदा अंडी मिळाली, घरी फोन गेले, सासूबाईंनी अंबाबाईला नवस बोलून टाकला आणि संध्याकाळी लॅबमधून कळलं की त्यातली पाचच मॅच्युअर आहेत, बाकीची कच्ची. मग रात्रभर मोबाईलवर शोधाशोध, आणि कुठूनतरी बातमी हाताला लागते की आता स्टेम सेल (ज्यापासून दुसऱ्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशी) वापरून कच्ची अंडी लॅबमध्ये पिकवतात, पेरू देशात तसं बाळ पण झालंय. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट घेऊन जोडपं हजर, "आमची पण अशी पिकवा की."

मी कोल्हापुरातल्या एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटला सहसा न दिसणारा पण त्यांची अंडी दिवसभर बघत बसलेला माणूस. हा प्रश्न इतक्यांदा येतो की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. बातमी खरी आहे, थाप नाही. पण त्या बातमीतली गोष्ट वेगळी आणि आपल्याकडं 'स्टेम सेल' म्हणून जे विकायला येतं ते लई वेगळं, आणि त्या दोन्हीच्या आधी तुमच्याच फाईलमध्ये बघायच्या दोन-तीन साध्या गोष्टी असतात ज्या कुणी बघतच नाही. त्या क्रमानंच जाऊ.

पहिलं काम: आपला रिपोर्ट वाचायला शिका

लॅबच्या कागदावर तीन शब्द शोधा: जीव्ही, एम वन, एम टू. एम टू म्हणजे तयार अंडं. एम वन म्हणजे अर्ध्या वाटेवरचं. जीव्ही म्हणजे अगदी कच्चं. हे लिहिलेलं नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नुसतं "चौदा एग्ज" या आकड्याला काही अर्थ नाही.

आता हे कच्चं-पक्कं म्हणजे नक्की काय ते सांगतो. बाईच्या शरीरातली अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यात थांबवून ठेवलेली असतात, वीस वर्षं, तीस वर्षं, तशीच. थांबवून ठेवतात त्या अंड्याभोवतीच्या पेशी, त्या सतत आत निरोप पाठवत असतात की अजून थांब. दर महिन्याला एलएच हार्मोनची लाट आली की तो निरोप बंद होतो, अंड्याचं केंद्रक विरघळतं, गुणसूत्रांचा निम्मा संच एका छोट्या गोळीत बाहेर टाकला जातो आणि अंडं तयार होतं. ती छोटी गोळी म्हणजे पोलर बॉडी. मायक्रोस्कोपखाली आम्ही तेच शोधत असतो: अंड्याभोवतीच्या पेशी बारीक पिपेटनं हळूहळू सोलून काढायच्या, अंडं फिरवायचं आणि कवचाच्या आतल्या फटीत ती गोळी दिसते का बघायचं. दिसली की एम टू. गोळी पण नाही आणि केंद्रक पण नाही तर एम वन. आणि मध्येच एक स्वच्छ गोल केंद्रक, त्यात एक ठळक ठिपका दिसला की जीव्ही, त्याच्यात आज इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडणं, करून उपयोग नाही. अख्खं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि सगळा निकाल त्या फटीतल्या गोळीवर.

नेहमीच्या आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेतल्यावर निघालेल्या अंड्यांपैकी साधारण पाचातली चार तयार असतात. सगळी कधीच नसतात. त्यामुळं चौदापैकी दहा-अकरा एम टू आली तर तो चांगला रिपोर्ट आहे, उरलेल्या तीन-चारांसाठी रडत बसू नका. पण निम्म्याहून जास्त कच्ची निघाली तर मात्र थांबून कारण शोधायचं.

स्टेम सेलच्या आधी ट्रिगरची चौकशी करा

हे मी मुद्दाम आधी घेतोय कारण इथं सुधारणा व्हायची शक्यता सगळ्यात जास्त आणि खर्च सगळ्यात कमी. पिकअपच्या आधी जे शेवटचं इंजेक्शन असतं, ट्रिगर, ते शरीरातल्या एलएचच्या लाटेचं काम करतं. ट्रिगर ते पिकअप हे अंतर साधारण ३४ ते ३६ तासांचं ठेवतात. इंजेक्शन उशिरा घेतलं, डोस कमी गेला, पावडर नीट मिसळली नाही, निम्मं औषध सुईतच राहिलं, किंवा फ्रिजमध्ये ठेवायचं औषध दिवसभर गाडीच्या डिक्कीत तापलं, तर अंडी कच्ची निघणार, त्यात अंड्याचा दोष नाही.

आमच्याकडं पेशंट येतात चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीकडून. रात्री साडेदहाचं इंजेक्शन, गावात द्यायला कुणी नाही, मग नर्सताईंची वाट बघण्यात साडेअकरा होतात आणि हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही कारण भीती वाटते की ओरडतील. सांगा. ओरडले तर ओरडले. एक तास उशीर झाला कळलं तर पिकअप एक तास पुढं सरकवता येतं, न सांगता आलात तर काहीच करता येत नाही. मोबाईलवर अलार्म लावा, इंजेक्शन घेतल्याची नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहा, शक्य असेल तर त्या एका रात्रीपुरतं कोल्हापुरात पाहुण्यांकडं राहा. फ्रिजमधलं औषध असेल तर बर्फाच्या पिशवीसकट थर्मासमध्ये न्या, पण बर्फाला चिकटवून नको, गोठलं तरी वाया जातं.

डॉक्टरांना हे विचारा: ट्रिगरच्या दिवशी फॉलिकल (अंडाशयातली अंड्याची पाण्याची पिशवी) किती मिलिमीटरची होती? १७-१८ च्या आसपास पोचलेली थोडी आणि बाकी सगळी १० च्या आतली असतील तर लहानातून कच्चं अंडं येणं साहजिक आहे, पीसीओएसवाल्या, म्हणजे अंडाशयात खूप लहान फॉलिकल असलेल्या, बायकांत हे फार दिसतं. ट्रिगरनंतर दुसऱ्या दिवशी रक्तात हार्मोन तपासलं होतं का? पुढच्या वेळी दोन प्रकारचे ट्रिगर एकत्र द्यायचा विचार आहे का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्म्या केसेसमध्ये पुढचा मार्ग तिथंच दिसतो. थोड्या बायकांत मात्र सगळं वेळेवर करून पण दर वेळी अंडी जीव्हीलाच अडकतात, तिथं अंड्यातच जनुकीय दोष असू शकतो, आणि तसं असेल तर कुठल्याही डिशमध्ये ठेवून ती पुढं सरकतील असं धरून चालू नका.

लॅबमध्ये पिकवणं ही गोष्ट नवीन नाही

लोकांना वाटतं हे आत्ता निघालंय. अमेरिकेत पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्ये सशाची अंडी शरीराबाहेर पिकताना बघितली होती. रॉबर्ट एडवर्ड्सनी १९६५ मध्ये माणसाची कच्ची अंडी डिशमध्ये तयार होतात हे दाखवलं, म्हणजे पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या तेरा वर्षं आधी. कोरियात १९९१ मध्ये अशा लॅबमध्ये पिकवलेल्या अंड्यांपासून बाळंतपण झाल्याची नोंद आहे, आणि १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ट्राउन्सन यांच्या टीमनं पीसीओएसच्या पेशंटमध्ये करून दाखवलं. याला आयव्हीएम म्हणतात, इन व्हिट्रो मॅच्युरेशन. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यक संस्थेनं २०२१ मध्ये आयव्हीएमवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का पण काढला.

आणि आपल्या जिल्ह्यात म्हशीवाल्यांना तर हे सांगायचीच गरज नाही. गाई-म्हशींच्या आयव्हीएफमध्ये बहुतेक अंडी कच्चीच काढतात आणि लॅबमध्ये पिकवतात. कर्नालच्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था) आयव्हीएफनं म्हशीचं रेडकू १९९० मध्येच जन्मलं. गोकुळला दूध घालणाऱ्या घरातला एखादा पेशंटचा भाऊ हे ऐकून मला म्हणतो, "मग माणसात का नाही करत सर्रास?" प्रश्न बरोबर आहे.

उत्तर असं की अंडं दोन ठिकाणी पिकायला लागतं. एक केंद्रक, दुसरा बाकीचा सगळा आतला द्रव, सायटोप्लाझम. साध्या मीडियात, म्हणजे लॅबमधल्या पोषक द्रवात, ठेवलं की केंद्रक बऱ्याचदा पुढं जातं, पोलर बॉडी पण दिसते, आम्ही खूश होतो, पण आतला द्रव मागंच राहिलेला असतो. गर्भाचे पहिले दोन-तीन दिवस ज्या साठ्यावर जातात तो साठा तयार नसतो. मग फर्टिलायझेशन होतं, गर्भ दोन दिवस वाढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतो. म्हणून माणसात आयव्हीएम मागं राहिलं. नाहीतर त्याचे फायदे मोठे आहेत: इंजेक्शनं फार थोडी किंवा अजिबात नाहीत, पीसीओएसमध्ये अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका जवळजवळ जातो, आणि कॅन्सरच्या ज्या पेशंटला केमोआधी दोन आठवडे थांबता येत नाही तिच्यासाठी तर हा मोठा आधार आहे. ब्रसेल्स आणि व्हिएतनाममधल्या टीमनी अंडं आधी एक दिवस मुद्दाम थांबवून ठेवायचं आणि मग पिकू द्यायचं अशी दोन टप्प्यांची पद्धत बसवली, त्यानं निकाल बरेच सुधारले, आणि त्यात स्टेम सेल वगैरे काही नाही.

एक फरक लक्षात ठेवा. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये चुकून निघालेली कच्ची अंडी रात्रभर डिशमध्ये ठेवून बघणं याला रेस्क्यू म्हणतात, ते वेगळं. ती अंडी इतका मोठा डोस आणि ट्रिगर मिळूनही पुढं गेली नाहीत, म्हणजे मुळातच मागं पडलेली. त्यातली काही सकाळी एम टू होतात, त्यांच्यावर इक्सी करता येते, कधी गर्भही होतो, पण मी पेशंटला त्याची आशा लावत नाही.

स्टेम सेल नेमक्या कुठं येतात

वर सांगितलं तसं अंडाशयात अंडं एकटं नसतं. त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशी असतात, त्यांचे बारीक फाटे कवचातून आत अंड्यापर्यंत गेलेले असतात आणि त्यातून साखरेतून बनलेलं खाद्य, अमिनो आम्लं, निरोपाची रसायनं असं सगळं आत-बाहेर चालू असतं. आपण अंडं लहान फॉलिकलमधून ओढून काढतो तेव्हा हे शेजारपाजार बरंचसं तुटतं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की हे शेजारी लॅबमध्येच बनवून डिशमध्ये दिले तर?

एका पेशंटच्या सासूबाईंना हे समजावताना त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे आंब्याची अढीच की." राधानगरीकडच्या, घरची झाडं. म्हटलं जवळपास तेच, फक्त आंबा पेंढ्यात आपला आपण पिकतो आणि इथं पेंढाच जिवंत लागतो, त्यानं काम केलं नाही तर आतलं फळ पिकत नाही.

हा जिवंत पेंढा बनतो आयपीएस पेशींपासून. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या मोठ्या झालेल्या पेशींना परत मुळाशी नेऊन कुठलीही पेशी बनू शकेल अशा अवस्थेत आणून दाखवलं, त्याला २०१२ चं नोबेल मिळालं. गर्भ मोडून काढलेल्या पेशी नव्हेत त्या, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. या आयपीएस पेशींमध्ये ठराविक जनुकं चालू करून त्यांना अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसासारख्या पेशींकडं वळवतात. न्यूयॉर्कच्या गॅमेटो कंपनीनं हे तंत्र फर्टिलो नावानं आणलंय, बातमीत आलेलं बाळ त्याचंच.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते क्रमानं सांगतो, म्हणजे कुणी तुम्हाला भलतंच काही सांगितलं तर लगेच खटकेल. बाईला दहा-बारा दिवसांऐवजी दोन-तीन दिवसच इंजेक्शनं देतात, फॉलिकल लहान असतानाच पिकअप करतात. तिकडं लॅबमध्ये त्या मदतनीस पेशी गोठवलेल्या वायलमधून वितळवून, धुवून, आधीच डिशमधल्या छोट्या थेंबात बसवून ठेवलेल्या असतात, वरून तेलाचा थर, म्हणजे थेंब सुकत नाही. ३७ डिग्री, कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्के, ऑक्सिजन पण हवेपेक्षा बराच कमी, ५ टक्क्यांच्या आसपास. पिकअपमधून आलेली कच्ची अंडी त्यांच्या स्वतःच्या उरलेल्या पेशींसकट त्या थेंबात सोडायची. मीडियात एफएसएच, एचसीजी अशी हार्मोन असतात, त्याला मदतनीस पेशी प्रतिसाद देतात आणि अंडाशयात जसे निरोप मिळाले असते तसे अंड्याला मिळायला लागतात. साधारण एक दिवस, थोडा जास्त. मग अंडी बाहेर काढायची, भोवतीच्या सगळ्या पेशी एन्झाइम आणि पिपेटनं सोलायच्या, बघायचं कुणाला पोलर बॉडी आलीय, आणि तिथून पुढं नेहमीचीच इक्सी, नेहमीचंच गर्भ वाढवणं, नाहीतर अंडी गोठवून ठेवणं.

बघा, यात एकदाही कुणी बाईच्या शरीरात स्टेम सेल टोचलेली नाही. पेशी डिशमध्ये आल्या, डिशमध्ये काम केलं, डिशबरोबरच टाकून दिल्या. या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

घरची मंडळी हमखास विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, "दुसऱ्याच्या पेशी म्हणजे बाळ कुणाचं?" बाळ तुमचंच. डीएनए तुमच्या अंड्यातून आणि नवऱ्याच्या शुक्राणूतून येतो. मदतनीस पेशी बाहेरून रसायनं देतात, त्यांचं केंद्रक अंड्यात जात नाही. डोनर एगसारखं, म्हणजे दुसऱ्या बाईचं अंडं घेण्यासारखं, हे नाही. सोललेल्या अंड्याला एखादी परकी पेशी चिकटून राहिली नाही ना, आणि जन्मलेल्या बाळांची पुढं तब्येत कशी राहते, हे बघायचे खरे प्रश्न आहेत आणि त्यासाठीच ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, असतात.

आकडे कसे वाचायचे

या तंत्राचा अभ्यास २०२३ मध्ये ह्यूमन रिप्रॉडक्शन या जर्नलमध्ये आला. त्यात मदतनीस पेशींबरोबर ठेवलेल्या अंड्यांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास तयार झाली आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या आयव्हीएम मीडियात निम्म्याहून थोडी कमी. फरक चांगला आहे, मी स्वतः खूश झालो वाचून. डिसेंबर २०२४ मध्ये पेरूतल्या लिमामधल्या क्लिनिकमध्ये या पद्धतीनं पहिलं बाळ जन्मल्याचं जाहीर झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, तिसऱ्या टप्प्याची ट्रायल करायला परवानगी दिली. ट्रायल करायला परवानगी, वापरायला नव्हे. बातमीत हे दोन्ही एकच असल्यासारखं लिहितात.

आणि अंडं पिकण्याची टक्केवारी म्हणजे बाळाची टक्केवारी नाही. दहा अंडी पिकली तर त्यातली सगळी फर्टिलाइज होत नाहीत, त्यातले सगळे गर्भ पाचव्या दिवसापर्यंत जात नाहीत, त्यातले सगळे गुणसूत्रांनी नीट नसतात, आणि नीट असलेले पण सगळे रुजत नाहीत. प्रत्येक पायरीला गळती. म्हणून कुठलंही क्लिनिक, कुठलीही कंपनी, टक्केवारी सांगायला लागली की विचारायचं: कशाची टक्केवारी? किती बायकांत? त्यांचं वय काय? त्या २०२३ च्या अभ्यासातल्या बायका तरुण डोनर होत्या, तुमचं वय ३९ असेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

वयाचं आणखी एक सांगून ठेवतो. हे तंत्र अंडी नवीन बनवत नाही आणि जुनी तरुण करत नाही. एएमएच (अंड्यांचा साठा किती ते सांगणारं हार्मोन) कमी आहे, फॉलिकलच तीन-चार दिसतायत, तर पिकवायला अंडी आणायची कुठून? वयामुळं गुणसूत्रांत होणारी गडबड पण यानं जात नाही. ज्यांना खरा फायदा व्हायची शक्यता ती पीसीओएसवाली तरुण बाई, जिच्याकडं लहान फॉलिकल भरपूर आहेत आणि जिला जास्त इंजेक्शनं दिली की त्रास होतो.

कुणी 'स्टेम सेल पॅकेज' दाखवलं तर

इथं मी जरा कडक बोलणार आहे. बाजारात 'ओव्हेरियन रिज्युव्हेनेशन', 'स्टेम सेल थेरपी फॉर एग क्वालिटी' अशा नावाखाली जे असतं त्यात सहसा तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे पीआरपी, किंवा कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेतल्या (बोन मॅरो) पेशी थेट अंडाशयात टोचतात. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे, मुळीच नव्हे. आणि मज्जेतल्या पेशी टोचणं म्हणजे वरच्या डिशमधल्या तंत्राशी काडीचा संबंध नाही. पेरूची बातमी दाखवून हे विकत असतील तर सरळ उठा.

कायदा काय म्हणतो ते पण माहीत असू दे. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर मान्य नाही, फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतो. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत स्टेम सेलपासून बनलेलं उत्पादन हे नवीन औषध धरलं जातं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाची परवानगी लागते. शिवाय २०२१ च्या एआरटी (प्रजनन सहाय्य तंत्र) कायद्यानुसार आयव्हीएफ करणारं क्लिनिक नोंदणीकृत पाहिजे, लेव्हल टू पाहिजे, लेव्हल वनला फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू गर्भाशयात सोडणं, करता येतं. ते सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं, बघायला लाजू नका, बिल भरताना आपण लाजतो का?

कुणी म्हणालं की आमच्याकडं ट्रायल चालू आहे, तर त्यांच्याकडून सीटीआरआय नंबर मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही सरकारी नोंदवही आहे, इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. नंबर टाकायचा आणि चार गोष्टी जुळवायच्या: क्लिनिकचं नाव त्या यादीत आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी दिसते का, ट्रायल सुरू आहे का बंद झाली, आणि तुम्हाला जे करणार म्हणतायत तेच तिथं लिहिलंय का. आणि पैशाची गोष्ट: संशोधनाचा जो भाग आहे त्याचा खर्च पेशंटकडून घ्यायचा नसतो. "ट्रायल आहे पण दोन लाख भरा" असं वाक्य ऐकलं की समजून जा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, त्याच खुर्चीत बसून सही करू नका. त्यात नुकसान झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि मधेच बाहेर पडायचा तुमचा हक्क पण.

परदेशात जाऊन करून घ्यायचा विचार कुणाकुणाच्या डोक्यात येतो, कारण कंपनीनं काही देशांत वापराची परवानगी मिळाल्याचं सांगितलंय. जायचंच असेल तर आधी इथल्या डॉक्टरांशी बोला की तिकडून गर्भ आणायचा झाला तर परवानग्या काय लागतात, कारण गर्भ विमानात बॅगेत घालून आणता येत नाही. तिकीट काढून झाल्यावर विचारणारे पण बघितलेत.

तोपर्यंत हातात काय आहे

पीसीओएस असेल आणि मागच्या वेळी पोटात पाणी झालं असेल तर साधं आयव्हीएम करणारी लॅब कुठं आहे ते विचारा, सगळीकडं नसते, कारण त्याला पिकअप करणारा हात पण वेगळा लागतो, लहान फॉलिकलमधून अंडं काढणं अवघड काम आहे, सुई बारीक, सक्शन कमी. लॅबला विचारायचं: गेल्या वर्षी आयव्हीएमच्या किती सायकल केल्या आणि त्यातून किती बाळंतपणं झाली? आकडा लहान असला तरी चालेल, पण आकडा असायला पाहिजे. "खूप चांगले रिझल्ट आहेत" हा आकडा नव्हे. पावसाळ्यात लाइट गेल्यावर इनक्यूबेटर किती तास चालतात हे पण विचारा, आमच्याकडं जुलैमध्ये हा प्रश्न अजिबात फालतू नाही.

पिकअपच्या दिवशी गजरा, अत्तर, परफ्यूम, बॉडी स्प्रे काही नको. अंबाबाईचं कुंकू लावा, अंगारा पुडीत पर्समध्ये ठेवा, पण उदबत्तीचा वास अंगाला घेऊन ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ नका. हवेतली ही रसायनं डिशवरच्या तेलात शिरतात आणि आम्ही लाखांचे फिल्टर बसवतो ते यासाठीच.

पुण्या-मुंबईला सेकंड ओपिनियनला निघालात तर नुसती डिस्चार्ज समरी नेऊ नका. सोनोग्राफीतली फॉलिकलची मापं दिवसागणिक, कुठलं इंजेक्शन किती डोसचं किती दिवस, ट्रिगरचं नाव आणि तुम्ही चिठ्ठीवर लिहिलेली ती नेमकी वेळ, पिकअपची वेळ, आणि लॅबचा कागद ज्यात जीव्ही किती, एम वन किती, एम टू किती, किती फर्टिलाइज झाली, कुठला गर्भ कितव्या दिवशी थांबला हे सगळं. बहुतेक फायलीत हा शेवटचा कागद नसतो. तो लॅबमध्ये आमच्या रजिस्टरला असतो, रिसेप्शनला सांगा की एम्ब्रियॉलॉजिस्टशी दहा मिनिटं बोलायचंय आणि त्या पानाची प्रत पाहिजे. दुपारनंतर या, सकाळी आमचे हात डिशमध्ये असतात.